गडांचा वारसा आणि त्याचे देणे

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली आपण मराठी माणसे गडांच्या सहली काढतो, त्या बहुधा साल्हेर-मुल्हेरच्या. फार तर गायकवाडांच्या सोनगडाच्या. चौकबाजारातला तापीकाठचा किल्ला आपल्या यादीत क्वचितच असतो. महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय उभारले, तरीही. घराजवळची वस्तू दिसत नाही, एवढेच याचे कारण आहे असे आम्हांला वाटत नाही. त्या तटापाशी नेमके कोणाचे म्हणून उभे राहावे, हेच आपले ठरत नाही.

पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंदखानाने हा किल्ला बांधला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान त्याच तटाआड दडून बसला आणि रयत बाहेर राहिली. किल्ल्यावरच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहरातील घरांचेच अधिक नुकसान केले. वीरजी व्होरांची मालमत्ता लुटली गेली, शहराचा मोठा भाग जळाला. १६७० मध्ये पुन्हा लूट झाली. शाइस्ताखानाच्या फौजांनी आधीची तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता, हे आम्ही विसरत नाही. पाद्री आंब्रोज यांचा मठ आणि एका दानशूर दलालाचे घर महाराजांनी राखले, हेही बर्नियेने नोंदवले आहे. पण ज्याचे घर जळाले, त्याचा शाइस्ताखानाशी काय संबंध होता?

१६६४ च्याच नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सुरतेचे द्रव्य त्या बांधकामी लागले, असे म्हटले जाते. ते खरे असेल, तर ज्या तटाला आपण सुट्टीत जाऊन हात जोडतो, त्याच्या चिऱ्यांत आपल्याच गावच्या शेजाऱ्यांच्या पणजोबांचा पैसा आहे.

एवढ्या जुन्या गोष्टीचे सुतक कशाला, असे कोणी म्हणेल. मग तेवढ्याच जुन्या विजयाचा गुलाल तरी कशाला? सरकारी नोकरीत वारसाहक्काची प्रकरणे हाताळताना आम्ही एक नियम शिकलो. मृताचे कर्ज वारसाच्या स्वतःच्या कमाईतून वसूल होत नाही. पण मिळालेल्या मालमत्तेपुरते ते फेडावेच लागते. मालमत्ता हवी आणि देणे नको, हा अर्ज चालत नाही. आमच्या मते अभिमानालाही हाच नियम लागू आहे. दुसऱ्याच्या कृत्याबद्दल क्षमा मागणे पोकळ ठरेल, आणि तशी आपल्याकडे कोणी मागितलेलीही नाही. मात्र महाराजांचा वारसा आपण जेवढा सांगतो, तेवढे त्या दिवसांचे दुःख ऐकून घेणे आपल्याकडे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढील सहल चौकबाजारापासून सुरू व्हावी आणि तीत गुजराती शेजाऱ्यांनाही बोलवावे. तटावर उभे राहून त्यांनी त्यांच्या घरी ऐकलेले सांगावे, आपण आपले सांगू. मग दुपारी सर्वांनी मिळून सोनगडाकडे निघावे.