रेतीची बादली

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटकं तयार होतात. कामावर जाणाऱ्याला फाटकावरच आगपेटी, लायटर, विडी, मोबाईल असं सगळं खिशातून काढून ठेवावं लागतं. तीस-पस्तीस वर्षं अशी गेली की निवृत्तीनंतरही माणूस फाटक दिसलं की नकळत खिसे चाचपतो. त्याच माणसांच्या वस्तीबाहेर, हमरस्त्याकडे ठाणा पेट्रोल पंपाच्या बाजूला, संध्याकाळी हातगाड्या लागतात आणि उघड्यावर चुली पेटतात. दिवसा ज्यांच्यासाठी काडी ओढणं गुन्हा, ती माणसं रात्री जाळाशेजारी तर्रीत बुडवलेला आलूबोंडा खात बसतात.

अशाच दोन गाड्या शेजारी-शेजारी होत्या. एक लंबी रोटीवाल्या मावशीची. लाकडाच्या चुलीवर पालथं घातलेलं मडकं आणि बाजूला पितळी परातीत सैल, ताणली जाणारी कणीक. ती कणीक हातांवर झुलवत झुलवत मनगटाच्याही पुढं नेऊन मडक्यावर अंथरायची, की रोटी रुमालासारखी पातळ होते. दुसरी गाडी एका तरुण पोराची, गॅसवर चायनीज करणाऱ्याची. दोघांच्या मधोमध लाल रंगाची एक बादली असे, रेतीनं भरलेली. ती तिथं ठेवली होती निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते रोज रात्री तिथं जेवत आणि नेहमी जाळाकडे तोंड करूनच बसत.

नागपूरला शिकणारा एक मुलगा सुटीत गावी आला. गळ्यात नवा कॅमेरा होता. रात्रीचे स्वयंपाकी आणि जाळ टिपायचे, असं त्यानं ठरवलेलं. पहिल्या रात्री मावशीचे फोटो काढले, तर सगळे वाया गेले. कॅमेरा ऑटोवर होता. भोवतीचा अंधार पाहून कॅमेऱ्यानंच पडदा जास्त वेळ उघडा ठेवला आणि जाळाचा झाला पांढरा गोळा. मग फ्लॅश मारला. चुलीचा तांबूस उजेड पार पुसला गेला, मावशी आधार कार्डावरच्यासारखी दिसू लागली. वर तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली ती वेगळीच.

"मावशी, जाळ जरा मोठा करा ना."

"काऊन? रोटी जाळू का?" ती म्हणाली. "जाळ मडक्याच्या आत पाह्यजे, बाप्पा. बाहेर आला तं वाया."

तिचा नाद सोडून मुलगा चायनीजवाल्याकडे वळला. तो तयारच होता. कढई तिरकी करून नूडल्स उडवल्या की तेलाचे बारीक थेंब गॅसच्या ज्योतीत सापडतात आणि हातभर भडका उठतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात जाळाच्या जिभा सुट्या-सुट्या, धारदार आल्या. चौकटीच्या कोपऱ्यात ती लाल बादली मात्र खुपत होती. मुलानं ती उचलली आणि गाडीच्या मागं, अंधारात नेऊन ठेवली.

फोटो मोबाईलवरून गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी पोरं भडका पाहायलाच आली. "भाऊ, तसं कर ना, फोटोतल्यावाणी!" चायनीजवाला करू लागला. भाजी करपू लागली, पण तक्रार कोणी केली नाही, कारण खायला फारसं कोणी आलंच नव्हतं.

तिसऱ्या रात्री भडका विझेना. कढईतल्या तेलानंच पेट घेतला होता. घाबरून त्यानं पाण्याचा मग उचलला.

"पानी नको!" काका ओरडले. पेटत्या तेलात पाणी पडलं की क्षणात त्याची वाफ होते, आणि तीच जळतं तेल चहूकडे उडवते. "गॅस बंद कर! रेती… बादली कुठं हाय?"

बादली जागेवर नव्हती. मुलाला ती कुठं आहे हे ठाऊक होतं, पण पाय हलेनात. तोवर मावशीनं परात उचलली, कणीक तिथंच मातीत उपडी केली आणि ती रिकामी परात पेटत्या कढईवर झाकण म्हणून दाबून धरली. हवा तुटली, जाळ घुसमटून विझला. तिचं मनगट थोडं भाजलं. त्या रात्रीच्या रोट्या मातीत गेल्या.

कोणी मुलाला काही बोललं नाही. (गावात एरवी एवढी संधी कोणी सोडत नाही.) घरी जाऊन त्यानं तो गाजलेला फोटो मोठा करून पाहिला. आतापर्यंत त्यानं फक्त जाळच पाहिला होता. मागं बाकांवर बसलेली माणसं आता दिसली. एकाच्याही चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. एकानं लेकराला मागं ओढलेलं, एक बाई अर्धवट उठलेली. काका तर उभेच होते. २४ जानेवारी २०२५ ला निर्माणीत स्फोट झाला, कामगार गेले. त्याला एक वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलानं बादली मूळ जागी आणून ठेवली आणि मावशीला कणकेचे पैसे देऊ लागला. तिनं घेतले नाहीत. लाकडं फोडून घेतली. पाच-सहा रात्री तो कॅमेऱ्याविना तिथं बसला. तेव्हा त्याला कळलं, की रोटी काढायला मावशी वाकते तेव्हा क्षणभर चुलीच्या तोंडचा उजेड तिच्या हनुवटीपासून कपाळापर्यंत चढतो. दर रोटीला एकदाच.

मग त्यानं कॅमेरा आणला. आधी तिला विचारलं. फ्लॅश बंद केला, उजेडाचं माप अंधारावरून न घेता जाळावरून घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून वाट पाहिली. रात्रभरात अकरा फोटो काढले.

त्यातला एक छापून त्यानं गाडीवर आणून दिला. मावशीनं हात पुसून तो कंदिलाजवळ धरला.

"ही रोटी कडेला फाटली होती," ती म्हणाली.

काकांनी चष्मा लावला. चेहरा पाहिला, मडकं पाहिलं, मग कोपऱ्यात बोट ठेवलं.

"बादली आली," ते म्हणाले आणि जेवायला बसले.