साथ, हवा आणि मोकळी जागा

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातला ताप हा प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. शहराच्या आखणीत मोकळ्या जागेचा विचार नेटाने सुरू झाला तो या साथीपासून. रोग कोंदट, दूषित हवेतून उद्भवतो ही धारणा तेव्हा प्रबळ होती, म्हणून उपायही हवेचाच ठरला. १८९८मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट तर समुद्राचा वारा गल्लीबोळांपर्यंत पोचावा अशा बेताने आखला गेला. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत बागांसाठी जागा राखल्या गेल्या.

गंमत अशी की, ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे कराचीत दाखवून दिले. निदान चुकले होते, तरी औषध अगदीच वाया गेले नाही. ते सर्वांच्या वाट्याला मात्र आले नाही. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने पाडलेल्या घरांइतकी घरे बांधली नाहीत. उठवलेले कष्टकरी शेजारच्या चाळींत शिरले आणि गर्दी फक्त गल्ली बदलून राहिली. पुढे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी भारतीय शहरांवरच्या अहवालांत अशा तोडफोडीला विरोध केला. अख्खी वस्ती उठवण्याऐवजी एखाददुसरे मोडके घर काढून तिथे छोटे अंगण करावे, झाड लावावे, असे त्यांचे म्हणणे होते. रस्ता आखणाऱ्यांपेक्षा रस्त्यावर राहणाऱ्यांकडे पाहणारा हा विचार तेव्हा फारसा रुजला नाही.

२०२०मध्ये हवेचा मुद्दा परत आला, आणि या वेळी तो खरा होता. करोनाचा विषाणू बंदिस्त जागेत अधिक सहज पसरतो, उघड्यावर कमी. तरीही टाळेबंदीत बागा आणि मैदाने बंद झाली. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जणांनी राहायचे आणि बाहेरच्या बागेला कुलूप, हा विरोधाभास नियम करणाऱ्यांना फारसा खटकला नाही. दुसरीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर तंबूंचे मोठे रुग्णालय उभे राहिले. १८९७मध्ये सावित्रीबाई फुले यांनी जिथे प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, तो त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव यांचा दवाखानाही पुण्याबाहेर हडपसरच्या मोकळ्या माळावरच होता. रिकामी जमीन ही संकटकाळची शिल्लक असते. तिथे पाणी, वीज आणि रुग्णवाहिकेला वाट आधीच असेल, तर ती शिल्लक वेळेवर हाती लागते.

केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे; मुंबईत ती जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरली जाते. पण नुसत्या मोजमापाने भागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकाने बाईला कामाशिवाय रस्त्यावर रेंगाळता येते का, असा प्रश्न विचारला. फेरीवाल्यांविषयीचा २०१४चा आणि अपंगांच्या हक्कांविषयीचा २०१६चा कायदाही जागा कोणाला वापरता येते, याच प्रश्नाच्या अंगाने जातात. चाकाच्या खुर्चीला अडवणारी पायरी, दुपारी बंद होणारे फाटक, बायकांसाठी नसलेले स्वच्छतागृह आणि झोपता येऊ नये म्हणून बाकावर मध्येच बसवलेला लोखंडी दांडा यांची नोंद दरडोई चौरस मीटरच्या आकड्यात कुठेच होत नाही.