कुकडीच्या थडीला

बसा.

बोरी बुद्रुकच्या शिवारात, कुकडी नदीच्या थडीला. जिथं वाळू आणि गोटे एकमेकांत मिसळलेत, तिथं.

चपला काढून ठेवा. वैशाख आहे, पण सकाळची वाळू अजून गार आहे. तळवे टेकवा.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. त्याला तुमची मदत लागत नाही.

पाणी थोडंच आहे. वर येडगावच्या धरणातून आवर्तन सुटलं की वाढेल. आत्ता ते गोट्यांमधून वाट काढतंय. ऐका. उथळात त्याचा आवाज वेगळा, डोहाच्या तोंडाशी वेगळा.

थोडं थांबू.

आता समोर बघा. वाळू, गोटे, वाळलेलं लव्हाळं, पलीकडे ऊस. बाकी काही नाही. वाळूउपशाच्या कागदावरही एवढंच येतं: लांबी, रुंदी, खोली, किती ब्रास.

बघत राहा. नजर सैल सोडा.

एक गोटा जरा जास्तच गोलसर आहे. मातकट, काळ्या ठिपक्यांचा. त्याला लागून दुसरा. तिसरा. चौथा. चौघांची टोकं आत वळलेली.

टिटवीची अंडी.

काडी नाही, गवत नाही. चार खडे बाजूला सारले की झालं घरटं.

ती ओरडत तुमच्या डोक्यावरून फिरतेय. तिला आपण नको आहोत. उठा, पाऊल बघून टाका, बरंच मागं सरका. पुन्हा बसा.

ती उतरते. सरळ अंड्यांकडे येत नाही. भलतीकडेच चालते, उभी राहते, मान वळवते. मग येते. बसते.

तुम्हीही बसा.

ऊन चढलं की ती पाण्यात पोटाची पिसं भिजवून येईल आणि त्या ओलीनं अंडी गार ठेवेल. नरही तिच्या जागी बसेल. असे 28 ते 30 दिवस. म्हणून पाणीही जवळ हवं आणि गोटेही हवेत.

श्वास आत. श्वास बाहेर.

तुमच्या बाजूला वाळूत हात खुपसा. वर कोरडी आहे. आणखी खाली. बोटांना ओल लागते. थडीच्या विहिरी याच ओलीवर आहेत. हात तसाच राहू द्या.

दरडीकडे बघा. लहान गोल भोकं दिसतात. वेड्या राघूंची बिळं, चोचीनं कोरलेली. एक राघू बाहेर येतो, माशी धरतो, परत आत.

या गावाच्या दरडींत राखेचा एक फिकट थरही आहे. ज्वालामुखीची राख. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात तिच्याकडे लक्ष वेधलं. कुणी म्हणतं ती सुमात्रातल्या टोबाची, सुमारे 74,000 वर्षांपूर्वीची. कुणी म्हणतं, त्याहून कितीतरी जुनी. त्यांचं चालू द्या. राखेच्या थराजवळ दगडी हत्यारंही सापडली आहेत. म्हणजे या काठी आधीही कुणी बसलं होतं, पाणी ऐकत.

त्याच्यासोबत थोडं बसा.

पाण्यालगतच्या ओल्या वाळूत ठसे आहेत. गोल, नखं न उमटलेले. बिबट्या रात्री उसातून पाण्यावर आला आणि माघारी गेला. जुन्नर-आंबेगावच्या उसात आता त्याच्या पिढ्या वाढल्यात. ज्या घरातलं माणूस त्यानं नेलं, त्या घराला हे ठसे सुंदर वाटणार नाहीत. पोटात भीती उठली तर उठू द्या. तिला आवरू नका. ती इथलीच आहे.

फक्त एवढं बघा, ठसे कुठून कुठं जातात. उसातून पाण्याकडे. पाण्याकडून परत उसात. थडी मोडली तर ही वाट कुठून जाईल? उत्तर शोधू नका. प्रश्न वाळूवर ठेवा.

वळणापलीकडून डंपरचा आवाज येतोय. येऊ द्या. घराला वाळू लागते. तुमच्या-माझ्या भिंतीतही कुठल्यातरी नदीचा काठ आहे. हेही आत येऊ द्या, श्वासाबरोबर.

आवाज जातो. पाण्याचा आवाज तिथंच आहे.

पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्रानं नेली, तेव्हा तिच्यासाठी गरुड धावला. इथं गरुड नाही. 2012 मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, की लहानातल्या लहान वाळूपट्ट्यालाही आधी पर्यावरण मंजुरी हवी. आणि ग्रामसभा आहे.

आणखी दहा श्वास. मोजले नाहीत तरी चालेल.

आता उठा. वाळूत नको, गाडवाटेनं वर चढा. पारावर कुणी बसलं असेल, तर पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून घ्या.