मत वेगळं, पंगत एकच

॥ श्रीसद्गुरुनाथाय नमः ॥

रविवारचे निरूपण



या महिन्यात निरूपणासाठी जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न तीन गावांहून आला आहे. इंदूरचे एक गृहस्थ विचारतात, "मुलगा ज्या पक्षाचं नावही आमच्या घरात घेत नाहीत त्याच्या सभेला जातो. त्याला कसं आवरावं?" हैदराबादच्या एका ताई लिहितात, "मुलीने स्टेटसला काहीतरी टाकलं, काकांनी तिला घराण्याच्या ग्रुपमधून काढलं, आणि आता दिवाळीला कोण कोणाकडे जाणार हाच प्रश्न आहे."

आणि बेळगावच्या एका भगिनींनी तर मन हलवून टाकलं. त्यांच्या घरी तीन पिढ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या. सासरे सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन या घरात सणासारखे पाळतात. मुलाला नुकतं अठरावं संपलं. त्याने बापाला सरळ सांगितलं, "बाबा, मी फेरीला येणार नाही. माझं पहिलं मतही समितीला नाही." त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. एक जेवायला बसला की दुसरा उठतो. माउली लिहितात, "महाराज, दोघांच्या मध्ये मी टपाल झाले आहे. आणि सासरे नुसते भिंतीकडे बघत बसतात."

मंडळी, आधी एक सांगतो. आपल्या सत्संगात सगळ्या पक्षांची माणसं मांडीला मांडी लावून बसतात. कोणाला मत द्यावं हा आपल्या निरूपणाचा विषय नव्हे, आणि कधी होणारही नाही. आपला विषय आहे ते बंद पडलेलं बोलणं.

आता त्या बापाकडे बघा. त्याला हट्टी म्हणून सोडून देऊ नका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाचकांना ही इतिहासातली तारीख वाटेल. त्या घराला ती जखम आहे. ज्याच्या बापाने लाठ्या खाल्ल्या, त्याला मुलाचं "मी येणार नाही" हे मत म्हणून ऐकू येतच नाही. त्याला ऐकू येतं, "तुमचं सगळं फुकट गेलं." राग त्याचा आहे. आणि रागाच्या खाली काय असतं सांगा बरं? भीती असते. मी गेल्यावर माझं कोण सांभाळणार, ही भीती.

पण मुलगा तसं म्हणाला का? नाही. तो म्हणाला, माझं मत वेगळं आहे. त्याचे मित्र कानडी आहेत, मराठी आहेत, उर्दू बोलणारे आहेत. त्याला नोकरीची चिंता आहे. त्याने आपल्या डोक्याने काही विचार केला, बरोबर असेल, चूक असेल. बापाने वेगळंच ऐकलं. सगळ्या घरांत भांडण इथेच लागतं. बोलणारा मताबद्दल बोलतो आणि ऐकणारा नात्याबद्दल ऐकतो.

इथे मला शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचं घर आठवतं. नाथांचं नाव आपण रोज घेतो, पण नाथांच्या घरातही मुलाने बापाची वाट नाकारली होती हे विसरतो. परंपरेत ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नाथांचे चिरंजीव हरिपंडित, मोठे शास्त्री. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना मुळीच पटेना. वाद वाढला आणि मुलगा पैठण सोडून काशीला निघून गेला.

नाथ कोण होते? ज्यांनी एकनाथी भागवत १५७३ साली खुद्द काशीत पूर्ण केलं, आणि पंडितांचा विरोध सोसून प्राकृताची बाजू सोडली नाही ते नाथ. जगाला जे पटवलं, ते पोटच्या पोराला पटत नाही! आपण असतो तर काय म्हणालो असतो? "गेला तर जाऊ दे. पोट रिकामं झालं की येईल." नाथांनी काय केलं? ते स्वतः काशीला गेले. पैठण ते काशी, आजच्यासारखी रेल्वे नव्हती. बाप उठून मुलाकडे गेला.

मुलाने दोन अटी घातल्या. परान्न घ्यायचं नाही आणि प्राकृतात पुराण सांगायचं नाही. नाथांनी त्या मान्य केल्या आणि मुलाला घरी आणलं. पुढे हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि हळूहळू श्रोते ओसरले. नाथ एका शब्दाने "बघ, सांगत होतो ना" म्हणाले नाहीत.

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. एका बाईला सहस्रभोजनाचा संकल्प पुरा करायचा होता, पण ऐपत नव्हती. एका नाथांना जेवू घातलं की संकल्प पुरा होईल, असं ठरलं. जेवण झाल्यावर हरिपंडितांनी वडिलांची पत्रावळ उचलली, तर खाली दुसरी. ती उचलली, तिसरी. उचलता उचलता हजार झाल्या. मुलाचे डोळे उघडले.

आपण हजार पत्रावळींचा चमत्कार सांगतो आणि थांबतो. मी म्हणतो, पहिल्या पत्रावळीकडे बघा. ज्याला बापाचं जेवणं पटत नव्हतं, तोच मुलगा वाकून बापाची उष्टी पत्रावळ उचलत होता. मतभेद होता, सेवा चालू होती. हा मुलगा काशीतच राहिला असता, तर पत्रावळ कोण उचलणार होतं? चमत्कार व्हायचा असेल तर मुलगा ताटाजवळ असावा लागतो. त्याला ताटाजवळ आणायचं काम नाथांनी केलं.

कोणी म्हणेल, म्हणजे बापाने मुलापुढे नमतं घ्यायचं? नीट समजून घ्या. नाथांनी आपला विश्वास सोडला नाही, आग्रह सोडला. समितीवर निष्ठा असलेल्या बापाने निष्ठा सोडावी असं मी म्हणत नाही. त्याने फेरीला जावं, अभिमानाने जावं. मुलाला एवढंच म्हणावं, "मी निघालो रे. आल्यावर जेवू बरोबर."

आणि मुलग्यांनो, मुलींनो, आता तुमच्याकडे वळतो.

कठोपनिषदातला नचिकेता तुमच्याच वयाचा. बाप यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान देतो हे त्याला पटलं नाही. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, "मला कोणाला देणार?" बाप चिडून म्हणाला, "तुला यमाला दिला!" रागाच्या भरात आपणही काय काय बोलतो, नाही का? मुलगा खरंच यमाच्या दारात गेला. तीन रात्री उपाशी राहिला. यमाने तीन वर दिले. नचिकेत्याने पहिला वर कोणता मागितला? ज्ञान नंतर मागितलं, स्वर्गाचा अग्नी नंतर मागितला. पहिला वर हा की वडिलांचा राग जावो, त्यांचं मन शांत होवो आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावं.

बघा, तो चुकला असं तो म्हणाला नाही. प्रश्न त्याने मागे घेतला नाही. पण जगातलं सगळ्यात मोठं ज्ञान मागायच्या आधी त्याने बापाचं बोलणं मागितलं. तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. पण आजोबांच्या पाठीवरच्या वळांची थट्टा करू नका. "तुमच्या वेळचं तुमच्यापाशी" हे वाक्य तोंडातून काढू नका. भूमिका बदलता येते, ऋण बदलत नाही. एखाद्या संध्याकाळी आजोबांना विचारा, "तुरुंगात काय काय झालं हो?" पुरं ऐका. पटलंच पाहिजे असं नाही. ऐकलं पाहिजे.

मग मर्यादा कुठे? आहे, मर्यादा आहे. मूल कोणत्या पक्षाचं, हा त्याचा प्रश्न. पण ते शिव्या देऊ लागलं, दुसऱ्या जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या माणसाला नीच म्हणू लागलं, दगड हातात घेऊ लागलं, खोटे मेसेज पुढे ढकलू लागलं, तर आई-बापाने ठाम उभं राहावं. तिथे गप्प बसणं म्हणजे प्रेम नव्हे. मात्र हाच नियम स्वतःलाही लावावा. जेवताना टीव्हीवरची चर्चा बघत विरोधी पुढाऱ्याला आपण काय काय म्हणतो, ते मूल लहानपणापासून ऐकत आलेलं असतं.

गोव्याच्या जुन्या मंडळींना १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवत असेल. विलीनीकरणाचं फूल आणि वेगळ्या गोव्याची दोन पानं. ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पानं निवडून आली. किती चुरस होती! निकाल लागला, इतिहास पुढे गेला. पण भावाने भावाशी तोडलेलं बोलणं कोणता निकाल जोडून देतो? निवडणूक दर पाच वर्षांनी येते. मुलाचं अठरावं वर्ष एकदाच येतं.

आणि कायदाही काय सांगतो बघा. १९८९ पर्यंत मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी होता. ६१ व्या घटनादुरुस्तीने तो अठराव्या वर्षावर आणला. आडोशामागे मतदार एकटा असतो. तिथे बाप नाही, पुढारी नाही, गुरूसुद्धा नाही. भगवंतांनी अठरा अध्याय अर्जुनाला सांगितले आणि शेवटी म्हणाले, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंत आज्ञा करत नाहीत, तर आपण कोण?

बेळगावच्या माउलींना माझं एवढंच सांगणं. ताई, आजपासून टपाल बंद करा. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवू नका. दोघांची ताटं शेजारी वाढा आणि तुम्ही स्वतः मध्ये बसू नका. पहिले काही दिवस नुसता भाकरीचा आवाज येईल. येऊ द्या. कोणीतरी एक जण "मीठ दे" म्हणेल. तिथून सुरुवात होते.

या आठवड्याची साधना:

१. रोज एक वेळ घरातल्या सर्वांनी एकत्र जेवावे. त्या वेळी टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

२. ज्याच्याशी राजकारणावरून बोलणे तुटले आहे, त्याच्याशी आपण होऊन एक वाक्य बोलावे. विषय राजकारणाचा नको.

३. कोणाला ग्रुपमधून काढले असेल तर परत घ्यावे.

४. जप नेहमीप्रमाणे. शेवटची माळ ज्याचे मत पटत नाही त्याच्या कल्याणासाठी.

सद्गुरू सर्वांच्या घरी बोलणं चालू ठेवोत.

॥ शुभं भवतु ॥
॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥