करुणेची चौकट

एखाद्या वर्गाविषयीचे जनमत त्याच्या दुःखातून घडते, की त्या दुःखाच्या प्रतिमेतून? २००६ मध्ये केंद्र सरकारने वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. हे जिल्हे वृत्तपत्रांतून ‘आत्महत्याग्रस्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘ग्रस्त’ हे उत्तरपद पूर, दुष्काळ यांना लागते. ते येथे लावताच कापसाचा भाव, पतपुरवठा आणि सावकारी यांविषयीचे मानवी निर्णय निसर्गाच्या खात्यावर जमा होतात. भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे पाहणारा वृद्ध ही छायाचित्रेही तेच करतात. सातबाऱ्यावर नाव नसलेली, शेत कसणारी स्त्री आणि भूमिहीन शेतमजूर या चौकटीबाहेरच राहतात.

अशा प्रतिमेने वाचक हळहळतो. परंतु हळहळ ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. म्हणूनच कर्जमाफीची मागणी पुढे येताच ‘बिचारा’ शेतकरी त्याच वाचकाला ‘फुकटा’ वाटू लागतो. यात वरवर विसंगती दिसली, तरी दोन्ही प्रतिमांत तो याचकच असतो. मालाचा रास्त भाव हक्काने मागणारा उत्पादक दोहोंतही नसतो. दुःखाचे चित्रण कारणापर्यंत पोहोचत नसेल, तर त्यातील करुणा अन्यायाला सोयीचीच ठरते.