रस्ता वर चढतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात दोन स्मारके हाकेच्या अंतरावर आहेत, आणि वास्तू जागेवरून हलवावी का, उचलावी का, या प्रश्नाची दोन टोके त्यांच्यात एकत्र पाहायला मिळतात. पहिले स्मारक छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे. जालना रस्त्यावरचा उड्डाणपूल या चौकातून गेल्यानंतर पूर्वीचा पुतळा पुलाशेजारी खुजा दिसू लागला, त्याची उंची वाढवावी अशी मागणी होत राहिली, आणि अखेर तो उतरवून उंच चौथऱ्यावर नवा कांस्यपुतळा बसवण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झालेल्या या स्मारकाची चौथऱ्यासह उंची ५२ फूट आहे. दुसरे स्मारक काळा चबुतरा. १८५७ साली येथील छावणीतल्या घोडदळाने उठाव केला, पुण्याकडून आलेल्या इंग्रजी फौजेने तो मोडला आणि उठावातील सैनिकांना या परिसरात जाहीरपणे देहदंड दिला गेला. चौकाच्या नावातली क्रांती ती आहे. पुतळा बदलला, मोठा झाला, उंचावला, तरी स्मारक म्हणून त्याचे काही उणावले नाही, कारण त्याचा संबंध व्यक्तीशी आहे. चबुतऱ्याचे सारे मोल मात्र जागेत आहे, आणि त्याचे दगड एकही ओरखडा न पडता पलीकडच्या उद्यानात नेऊन मांडले तरी तिथे उरेल ते केवळ दगडकाम.

वास्तूच्या स्थलांतराविषयी बोलताना बहुधा यंत्रांचे कौतुक पुढे येते आणि हा भेद मागे पडतो. वास्तविक कोणतीही वास्तू हलवता येईल का, याआधी ती कशाला धरून उभी आहे, हे पाहावे लागते. आणि पुतळ्याच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती अशी की तिथे स्मारक आपल्या जागी स्थिर होते आणि भोवतालची उंचीच वाढली होती. भारतीय शहरांत वास्तू उचलण्याची गरज बहुतेक वेळा अशीच निर्माण होते. रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रीटचा थर चढतो, पुढच्या खेपेला त्यावर आणखी एक चढतो, आणि काही दशकांत रस्त्याच्या वर असलेले जोते रस्त्याच्या खाली जाऊन पावसाचे पाणी उंबरठा ओलांडते. पुण्यातील हडपसर भागात २०२२ साली एक राहता बंगला जॅकच्या साह्याने सुमारे चार फूट उचलण्यात आला, तो याच कारणाने. अशा कामांत हरियाणातील कारागिरांच्या टोळ्यांचा देशभर लौकिक आहे. जोत्याभोवती खणून भिंतीखाली थोडथोड्या अंतरावर लोखंडी चॅनेल सरकवायचे, त्यांच्याखाली शेकडो जॅक बसवायचे, मुकादमाच्या एका इशाऱ्यावर सगळ्यांनी आपापला जॅक सारखाच फिरवायचा, आणि पुरेशी उंची मिळाल्यावर खालची पोकळी विटांनी व काँक्रीटने भरून काढायची, अशी ही रीत आहे. ती नवीन नाही. १८५० आणि १८६० च्या दशकांत अमेरिकेतल्या शिकागो शहराने सांडपाण्याच्या निचऱ्यासाठी रस्त्यांची पातळीच वर घेतली, तेव्हा तिथल्या विटांच्या इमारती स्क्रू-जॅकवर अशाच उचलल्या गेल्या, आणि पुढे रेल्वेच्या शयनयान डब्यांमुळे नाव झालेल्या जॉर्ज पुलमनने त्या धंद्यात चांगले पैसे मिळवले.

ही रीत जुन्या दख्खनी वास्तूला लावू पाहिली की अडचण सुरू होते. आजच्या घराच्या भिंती सळईच्या काँक्रीट तुळईवर उभ्या असतात आणि ती तुळई एका जॅकचा भार शेजारच्या जॅककडे पोचवते. मलिक अंबरच्या किंवा औरंगजेबाच्या काळातली दगडी भिंत मात्र बाहेरून व आतून घडीव दगडांच्या दोन पदरांची असते, मधला गाभा चुन्यात कालवलेल्या ओबडधोबड दगडांनी भरलेला असतो, आणि अशी भिंत दाब हवा तेवढा सोसत असली तरी ताण मुळीच सोसत नाही. खालचा आधार एका ठिकाणी बोटभर जास्त उचलला गेला तरी वरचे पदर सुटून गाभा फुगतो. कमानीच्या बाबतीत तर दोन्ही पायांमधले अंतर जरासे वाढणेही धोक्याचे असते. ते काम अशक्य नाही; तुर्कस्तानातील हसनकेफ येथील झेनेल बे याची कबर २०१७ साली धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी अखंड उचलून चाकांच्या फलाटावरून सुमारे दोन किलोमीटर नेण्यात आली आणि तिचे वजन हजार टनांच्या वर होते. पण त्यासाठी आधी संपूर्ण वास्तू बाहेरून बांधून घ्यावी लागते आणि तिच्याखाली नवा काँक्रीटचा तळ घालावा लागतो. एवढा खर्च कोणत्या वास्तूसाठी करायचा, याचा निर्णय अभियंत्याच्या हातात नसतो.

लाकडी वाड्याची गोष्ट वेगळी. वाड्याचा सांगाडा खांब, तुळया आणि कडीपाट यांचा असतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि वाड्याचे मोजमाप खणांतच सांगितले जाते. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखडा नावाच्या घडीव दगडावर टेकलेला असतो, आणि त्याच्या माथ्यावर काढलेली लाकडी जीभ वरच्या लाकडाच्या खाचेत बसते. हा सांगाडा जसा जोडला गेला तसाच तो सोडवता येतो, प्रत्येक भागावर खूण केली तर पुन्हा जोडताही येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल उभा आहे तो याच गुणामुळे. पहिल्या बाजीरावाने कोथरूड येथे मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे भाग काढून आणून ते संग्रहालयात पुन्हा रचण्यात आले. त्याचप्रमाणे घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातला दरबार हॉल आज कर्नाटकातील मणिपाल येथे, विजयनाथ शेणॉय यांनी उभ्या केलेल्या वारसा-ग्रामात आहे. या दोन्ही ठिकाणी वाचले ते सुतारकाम आणि कोरीवकाम. अंगण, विहीर, पाठीमागची बाग, शेजारचे देऊळ आणि त्यांच्यामुळे वाड्याला असलेली दिशा मूळ गावी राहिली. तरीही हे काम झाले नसते तर त्या लाकडांचे काय झाले असते, हे पेठांतून पाडलेल्या वाड्यांचे नक्षीदार खांब जुन्या बाजारात आणि हॉटेलांच्या प्रवेशद्वारी पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

धरणांनी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आणला. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या खोऱ्यात १९५४ पासून उत्खनन करून तिथले अनेक बौद्ध अवशेष उंचवट्यावर पुन्हा बांधण्यात आले, आणि तो उंचवटा आता जलाशयातले बेट आहे. श्रीशैलम धरणाच्या वेळी कृष्णा व तुंगभद्रा यांच्या संगमावरचे कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगड दगड क्रमांकित करून आलमपूरला हलवले गेले. मंदिर वाचले, मात्र ज्या संगमावरून देवाला संगमेश्वर म्हणतात तो त्याच्यासमोर राहिला नाही. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयातील पळसदेवचे जुने मंदिर हलवले गेले नाही. पाणी ओसरले की ते वर दिसते, आणि पाहायला गर्दी होते. इजिप्तमधील अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन जोडण्यात आली. नेमक्या १९६४ मध्येच व्हेनिस येथे संवर्धनतज्ज्ञांनी जी सनद स्वीकारली, तिच्या सातव्या कलमानुसार स्मारक त्याच्या परिसरापासून वेगळे करता येत नाही, आणि ते वाचवण्यासाठी अन्य मार्ग नसेल किंवा अतिशय मोठे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल तरच ते हलवावे. एका हाताने करवत चालवत असताना दुसऱ्या हाताने असा नियम लिहिणे दुटप्पी वाटेल. पण अपवाद किती महाग असतो हे त्या पिढीला डोळ्यांसमोर दिसत होते, म्हणूनच नियम इतका कडक झाला असावा.

क्रांती चौकापासून थोडे उत्तरेला जुन्या शहरात शिरले की हा नियम कोणत्या वास्तूंसाठी आहे ते कळते. १६१२ साली मलिक अंबरने बांधलेला भडकल दरवाजा, १६८२ च्या सुमारास औरंगजेबाने बांधलेल्या तटाचा दिल्ली दरवाजा, खाम नदीच्या पुलाशी जोडलेला मकाई दरवाजा, या साऱ्यांना अर्थ येतो तो त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटेमुळे. तट बहुतेक नाहीसा झाला असला तरी मकाई दरवाजा पुलाच्या तोंडाशी आहे, म्हणून बेगमपुऱ्याकडून येणाऱ्याला तो आजही शहराची सुरुवात सांगतो. तो उचलून मैदानात ठेवला तर ती केवळ एक मोठी कमान होईल. पाणचक्कीचे तर याहून पुढचे आहे. डोंगराकडून भूमिगत नहरीने येणारे पाणी दाबाने उंच चढवून हौदात पाडायचे आणि त्या बळावर जाते फिरवायचे, अशा व्यवस्थेचे ते शेवटचे टोक आहे. टोक हलवायचे म्हटले तर नहरही हलवावी लागेल. याच शहरातल्या दमडी महालाच्या वाट्याला असा विचारही आला नाही. रस्तारुंदीकरणात तो पाडण्यात आला, आणि तो सोडवून अन्यत्र रचता आला असता का, हा प्रश्न पाडण्याआधी विचारण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नव्हती.

दरवाजांच्या बाबतीत शहराने अलीकडे जो मार्ग धरला तो अधिक शहाणपणाचा आहे. वाहतूक जुन्या अरुंद पुलांवरून आणि कमानींतून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी शेजारी नवे पूल बांधण्यात आले आणि काही दरवाजांची दुरुस्तीही झाली, म्हणजे वास्तूऐवजी रस्ता हलवला गेला. उरतो तो पातळीचा प्रश्न. कमानीखालचा रस्ता दर दुरुस्तीला वर चढत राहिला, तर कमानीची उंची कमी होते, उंच वाहने वरच्या दगडाला घासतात, आणि पायाशी साचलेले पाणी चुन्यात मुरते. त्यासाठी जॅकची गरज नाही. नवा थर टाकण्याआधी जुना डांबराचा थर खरवडून काढणारी यंत्रे महामार्गांच्या कामांत सर्रास वापरली जातात, आणि प्रत्येक दरवाजाच्या जोत्यावर मूळ जमिनीची पातळी दाखवणारी खूण कोरून, तिच्यावर रस्ता जाणार नाही अशी अट महापालिकेच्या निविदेत घालता येते.