एका ओळीची दुरुस्ती

आमच्या तात्यांचं डिस्चार्ज बुक गेली कित्येक वर्षं लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं होतं. तात्या म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यात आमचं गाव ज्या पट्ट्यात आहे तिथे बहुतेक घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं असतं, त्यामुळे असं पुस्तक घरात असण्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी पेन्शनच्या कामासाठी मी त्याची पानं स्कॅन करत होतो. पदकांच्या नोंदीत संग्राम मेडल होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं पदक होतं. पूर्वी स्टार मात्र नव्हता.

पूर्वी स्टार हे शौर्यपदक नाही. १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर जे होते त्यांना तो मिळाला. पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे ‘हा माणूस तिथे होता’ एवढंच तो सांगतो. आणि तात्या तिथे होते. त्या हिवाळ्यात त्यांनी आजीला पाठवलेलं एक पत्र घरात आहे, त्यावर पत्ता ९९ एपीओचा, म्हणजे पूर्वेकडच्या लष्करी टपालाचा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं ते एका नदीच्या काठी, ओल्या बुटांनी. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मला हा सरळसरळ बग वाटला. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांना विचारलं तेव्हा तो कसा झाला असावा तेही कळलं. फौजेत माणसाच्या बाबतीत घडलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे रजा, बढती, बदली, पदक, आधी ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापली जाते आणि मग त्याच्या शीट रोलवर चढते. ऑर्डर निघाली नाही तर कागदाच्या लेखी ती गोष्ट घडलीच नाही. तात्या आणि आणखी अकरा जण युद्धाच्या तोंडावर आपल्या युनिटमधून दुसऱ्या युनिटला अटॅच झाले होते. ऑर्डर दुसरा काढेल असं बहुधा दोघांनाही वाटलं असणार. दोन सिस्टिम्सच्या मधल्या फटीत डेटा हरवतो, हे आमच्या कामात रोजचंच.

मी अर्ज तयार केला, प्रिंट काढली आणि सहीसाठी तात्यांपुढे ठेवली. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला.

“माझं लावशील. बाकीच्यांचं?”

“त्यांच्या घरचे करतील की तात्या.”

“कोण करणार? माझा जोडीदार गेला त्याला वीस वर्षं झाली. लगीन नाही, पोर नाही. भावानं जमीन विकून मुंबई गाठली. त्याचा अर्ज कोण लिहिणार?”

“पण त्यांना आता काय फरक पडतो?”

“त्याला नाही पडत. मला पडतो.”

सही झाली नाही. मला राग आला होता, हे कबूल करतो. त्या रागात माझा स्वतःचा हिशोबही होता: पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर पदकांची फ्रेम कुठे लावायची ते मी मनात ठरवून टाकलं होतं.

नंतरचे काही महिने मी या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. एक प्रश्न सुटत नव्हता: जे घडलं ते घडलंच आहे, मग नोंदीने त्यात काय भर पडते? तात्या नदीकाठी उभे होते, हे सत्य कुठल्याही रजिस्टरवर अवलंबून नाही. पण पदकांची यादी म्हणजे आठवणींची वही नव्हे. ती राज्यसंस्थेने दिलेली साक्ष असते. ‘आम्ही याला पाठवलं आणि तो गेला’ असं ती म्हणते. आणि साक्षीत एखादी गोष्ट गाळली, तर ते नुसतं मौन राहत नाही. पूर्ण म्हणून दिलेल्या यादीत जे नाही, ते नव्हतंच असं वाचणारा धरून चालतो.

ही साक्ष किती ठिसूळ असते याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या जवळजवळ ८० टक्के नोंदी गेल्या. दुसऱ्या प्रती नव्हत्या. तेव्हापासून पगाराच्या पावत्या आणि इतर खात्यांतले कागद जुळवून त्या सैनिकांच्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या जातात. चूक सरकारी इमारतीत घडली, पण तिचा त्रास ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला, असं अनेकदा झालं.

दुसरी गोष्ट मेरी वॉकर यांची. अमेरिकन यादवी युद्धात त्या सर्जन होत्या आणि १८६५ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. १९१७ मध्ये निकषांची फेरतपासणी झाली आणि ९११ नावं यादीतून वगळली गेली, त्यात त्यांचंही. वॉकरबाईंनी पदक परत दिलं नाही. १९१९ मध्ये वारल्या तोवर त्या ते लावत राहिल्या. १९७७ मध्ये सरकारने त्यांचं नाव परत यादीत घातलं. म्हणजे बाई जाऊन ५८ वर्षं झाल्यावर! त्यांच्या लेखी पदक कधी गेलंच नव्हतं. मग ही दुरुस्ती कुणासाठी झाली? मला वाटतं, ती यादीसाठी होती. आपण दिलेली साक्ष खोटी आहे हे कळल्यावर ती सुधारणं हे साक्षीदाराचं स्वतःचं कर्तव्य आहे, समोरचा जिवंत असो वा नसो.

याच ९११ मध्ये ८६४ नावं सत्ताविसाव्या मेन रेजिमेंटची होती. १८६३ मध्ये मुदत संपल्यावरही वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी जे थांबतील त्यांना पदक, असं ठरलं होतं. थांबले सुमारे तीनशे, पदकं निघाली सगळ्या रेजिमेंटच्या नावाने. म्हणजे नाव काढणं हीसुद्धा दुरुस्तीच असू शकते. दुरुस्तीचा हेतू कुणाला खूश करणं हा नसतो, हे इथे स्पष्ट दिसतं.

पण तात्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर देणारं उदाहरण तिसरं आहे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळालं नव्हतं. १९९० च्या दशकात लष्कराने स्वतःच अभ्यास करवून घेतला, त्यात वंशभेदाचा हात आढळला, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते पदक दिलं गेलं. हयात होते एकटे व्हर्नन बेकर. सहा मेलेल्या माणसांनी अर्ज केले नव्हते. इथे संस्थेने अर्जाची वाट पाहिली नाही, ‘आपल्या यादीत आणखी कोण सुटलं असेल’ हे ती स्वतः शोधायला गेली.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. आमच्याकडे एखाद्या ग्राहकाची तक्रार आली आणि कुणी डेटाबेसमधली तेवढी एक ओळ हाताने बदलून तिकीट बंद केलं, तर मी त्याला पहिला प्रश्न विचारतो: याच कारणाने आणखी किती ओळी बिघडल्यात? तात्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता. मी मात्र घरचं काम म्हणून एक ओळ बदलून मोकळा होणार होतो.

तरी नकार देण्यात मला अजून एक खोट दिसत होती. तात्यांना मी म्हटलं, “बाराही नोंदी चुकीच्या राहिल्या म्हणजे न्याय झाला असं होत नाही. एक बरोबर झाली तर चुका अकरा उरतील.”

ते म्हणाले, “खरंय. पण आपलं काम झालं की माणूस गप बसतो. मीबी बसंन.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जावर चालणारी व्यवस्था नेमकी याच्यावरच तर चालते. ज्याच्या घरात इंग्रजी लिहिणारा नातू आहे त्याची नोंद दुरुस्त होते, आणि त्याच्याबरोबर ती मोठी तक्रारही संपते.

शेवटी आम्ही अर्ज नव्याने लिहिला. तात्यांनी त्यांच्यासोबत गेलेल्या अकराही जणांची नावं सांगितली. नऊ जणांचे हुद्दे आठवले, सहा जणांची गावं. ती यादी जोडपत्र म्हणून लावली आणि शेवटच्या परिच्छेदात विनंती केली की या संपूर्ण तुकडीच्या नोंदी तपासाव्यात. मग त्यांनी सही केली.

सात महिन्यांनी उत्तर आलं. तात्यांची नोंद दुरुस्त झाली होती. इतरांच्या बाबतीत संबंधितांनी किंवा त्यांच्या वारसांनी स्वतंत्र अर्ज करावेत, असं लिहिलं होतं. त्या नियमाला कारण आहे, हे मला समजतं. कुणीही उठून कुणाच्याही नावाने पदकं मागू लागला तर यादीला अर्थ उरणार नाही. पण वारस नसलेल्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर त्या पत्रात नाही.

आतापर्यंत आम्ही सहा गावांपैकी चार गावांना जाऊन आलो. दोन घरं सापडली, दोन अर्ज गेले. एका घरातल्या सुनेला सासरे युद्धावर गेले होते हेच माहीत नव्हतं. जोडीदाराच्या भावाचा मुंबईतला पत्ता अजून लागलेला नाही. तात्यांचा स्टार आणायचा राहिलाय. “जाऊ की,” म्हणतात, “आधी पाचव्या गावाला जाऊन येऊ.” मी आता घाई करत नाही. येत्या रविवारी गाडी घेऊन जायचं ठरलंय.